उजवा खांदा आणि गल्लीचे पापड

माझा उजवा खांदा दोन वर्षांपासून दुखतो. का दुखतो ते मला माहीत नाही. ज्यांनी ज्यांनी मला कारण सांगितलं त्यांनाही ते माहीत नव्हतं, एवढं मात्र मी आता छातीठोकपणे सांगू शकते.

डॉक्टरांनी फोटो काढला, हाडाला काही नाही म्हणाले, व्यायाम करा, गोळ्यांची सवय लावून घेऊ नका म्हणाले. झालं, तिथून घरगुती उपायांना ऊत आला. अकोल्याच्या माझ्या बहिणीने अकोटच्या कोणा म्हाताऱ्याकडून तेल करून घेतलं आणि एसटीच्या ड्रायव्हरच्या हाती बाटली धाडली. शेजारच्या आपांनी निर्गुडीचा पाला तव्यावर गरम करून बांधायला सांगितलं. नवरा नांदगाव पेठेच्या कापड कारखान्यात आहे, तो रोज कामावरून आला की फोनवर आलेलं काहीतरी मला वाचून दाखवायचा. चहा सोडा, पहाटे चाला, श्वास चार आकडे आत घ्या, सहा आकडे बाहेर सोडा. मी सगळंच एकदम करून टाकलं. आठ दिवस बरं वाटलं, पण शाबासकी कोणाला द्यायची? तेलाला, पाल्याला की श्वासाला? म्हणून चहा परत सुरू केला, तर दुखलं नाही. सोडला, तर दुखलं! आता काय म्हणावं याला?

व्यायाम शिकवणारी मुलगी माझ्या लेकीच्या वयाची. तिने मला भिंतीवर बोटं चालवत हात वर न्यायला शिकवलं. म्हणाली, "काकू, ज्या दिवशी जास्त दुखेल त्या दिवशी कॅलेंडरवर फुली मारा. कशाने वाढतं ते कळेल." आमच्याकडे नळ एक दिवसाआड येतो, तोही चुकला तर अंदाज राहावा म्हणून नळाच्या दिवशी मी आधीपासूनच फुली मारते. महिनाभराने कॅलेंडर काढून तिच्यापुढे धरलं.

"एवढे दिवस दुखलं?" ती घाबरली.

"नाही वं, त्यात अर्धं पाणी आहे."

"कोणतं पाणी, कोणतं दुखणं?"

मलाही सांगता येईना. मग माझ्या डोक्यात आलं, बादल्या उचलल्याने तर दुखत नसेल? पंधरा दिवस नवऱ्याने पाणी भरलं. माझा खांदा दुखायचा तो दुखलाच, वर त्याची कंबर धरली. बादल्यांचाही संशय गेला.

"मनावर काही ताण आहे का, काकू?" तिने जाताजाता विचारलं होतं. मी फटकन म्हटलं, "ताण घ्यायला सवड कोणाले आहे?" ती हसली, पण कागदावर काहीतरी लिहिलंच. त्या लिहिण्याचा मला फार राग आला.

यंदाच्या चैत्रात गल्लीत पापडांचे दिवस ठरले. आमच्याकडे रीत अशी, की रोज एका घरचे पापड. सगळ्याजणी आपापलं पोळपाट-लाटणं घेऊन तिथे जायचं, मग आपल्या घरच्या दिवशी त्या आपल्याकडे येणार. आपाही येतात, आणि ईदच्या आधी त्यांच्याकडे हातशेवयांना आम्ही जातो. अठ्ठावीस वर्षांत माझा एकही दिवस चुकला नव्हता. लग्न होऊन अमरावतीत आले तेव्हा या गल्लीत मला ओळख मिळाली ती पापड पातळ लाटते म्हणून. माझा पापड उन्हात धरला की पलीकडचं माणूस ओळखू यायचं. हा गर्व आहे, असू दे.

पण त्या आठवड्यात हात वेणी घालायलाही वर जात नव्हता. खांद्याला आराम द्या, असं त्या मुलीने बजावलं होतं. मी गल्लीच्या ग्रुपवर लिहिलं, "यंदा मले जमत नाही. माझा दिवस दुसऱ्या कोणाले द्या." दुखतं, हे लिहिलं नाही. दुखतं म्हटलं की बायका म्हातारीत काढतात, आणि मी अजून पंचावन्नचीही नाही.

खरं सांगायचं तर मला वाटलं होतं, एकतरी येऊन विचारेल, कावून वं, का नाही जमत? कोणी आलं नाही. सगळ्यांनी हात जोडलेलं चित्र पाठवलं. मी गरम पाण्याची पिशवी घेऊन पलंगावर पडून राहिले आणि गल्लीतून येणारा लाटण्यांचा आवाज, हसणं ऐकत राहिले. श्वास चार आकडे आत, सहा बाहेर. तीन दिवस असा आराम केला आणि तीन दिवस खांदा असा ठणकला की विचारू नका. काम केलं तर दुखतं म्हणून झोपावं, तर झोपल्याने दुखतं. मग हे खांद्याचं आहे की आणखी कशाचं? मला काही उमगेना.

चौथ्या दिवशी दुपारी आपा डबा घेऊन आल्या. दोन किलो उडदाचे पापड, माझ्या वाट्याचे. सगळ्यांनी मिळून लाटले होते. मी आभार मानायला हवे होते. त्याऐवजी मी म्हणाले, "हे कावून आणलं? मी मेली का?"

आपा चौकटीतच थांबल्या. "तुमीच लिहिलं ना, जमत नाही म्हणून. हमको लगा, कोई टेन्शन होगा घर में. कसं विचारायचं?"

"खांदा दुखून राहिला माझा," मी ओरडलेच. "हात वर जात नाही. लाटणं धरवत नाही मले!"

इतक्या मोठ्याने हे वाक्य मी नवऱ्यासमोरही बोलले नव्हते. डोळ्यांतून पाणी आलं. पाल्याची गोष्ट आपांनीच सांगितली होती खरी, पण त्यांना मी तेव्हा, "मानेत लचक आली," एवढंच सांगितलं होतं.

"तो चलो," आपा म्हणाल्या. "लाटू नका. दोऱ्याने लाट्या पाडा."

लाट्या पाडणं म्हणजे पिठाच्या वळीचे दोऱ्याने सारखे तुकडे करणं. ते काम गल्लीत सगळ्यात म्हाताऱ्या बाईचं, आणि ते खुर्चीवर बसून करायचं असतं. मला पुन्हा राग आला. पण त्या दिवशी जिच्या घरचे पापड होते तिथे गेले.

तिथे आपांनी सगळ्यांना सांगून टाकलं. मी मान खाली घालून दोरा ओढत होते. वाटलं, आता कीव करतील. तर समोरची, जिच्या लाटण्याचा वेग गल्लीत कोणाला गाठता येत नाही, ती म्हणाली, "माझा तर आंगठाच सहा वर्षांपासून जागचा गेला. घरी गेलं की गरम पाण्यात बुडवून बसते." तिच्या बाजूची म्हणाली, टाचा. तिसरीने पदर सारून कमरेचा पट्टा दाखवला. आपांची मान. एक तर म्हणाली, "मी इथे येते तेच मुळात घरी एकटीनं दुखत बसायले नको म्हणून."

अठ्ठावीस वर्षं मी या बायकांच्या गुडघ्याला गुडघा लावून बसले. कोणाचे पापड जाड, कोणाचे वाकडे, हे मला पाठ होतं. कोणाचं काय दुखतं, ते एकीचंही माहीत नव्हतं. मला बरं वाटलं की लाज वाटली, ते तेव्हाही ठरेना, आजही ठरत नाही. मी त्या आंगठेवालीला विचारलं, "पाण्यात मीठ टाकतं का वं?" आणि ती लाटायचं थांबून मला सांगायला लागली.