करवतीची अर्धी गोष्ट

जिना चढताना माझे दोन्ही टोंगळे आता कटकट वाजतात. डॉक्टर म्हणतो, तिशीतल्या बाईचे गुडघे असे नसतात. कसे असतील! पंधरा वर्षं मी सिमेंटच्या उतारांवर स्वतःला आपटून घेतलं. मनगट मोडलं, हनुवटीला टाके पडले, एकदा खांदा निखळला. त्याचं मला काही वाटत नाही, हाडं माझी होती. पस्तावा आहे तो वेगळ्याच गोष्टीचा. 'जिभेला काही हाड आहे का?' असं आई लहानपणी ओरडायची, तेव्हा मी हसायची. सगळ्यात मोठं नुकसान त्या बिनहाडाच्या जिभेनंच केलं, आणि तेही दुसऱ्याचं.

आमच्या सौंसरला पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा भरतो. आदल्या दिवशी खरे बैल, दुसऱ्या दिवशी पोरांचे लाकडाचे. चाकं लावलेल्या पाटीवर, म्हणजे फळीवर, बैल उभा, अंगावर झूल, नाकात वेसण, आणि दोरी धरून ओढणारं पोट्टं. माझा बैल मोठ्या बाबांनी केला होता. मोठे बाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. तहसिलीत बाबू होते, पण हात सुताराचा. त्यांना मूलबाळ नव्हतं. सागाचा तो बैल त्यांनी वर्षभर कोरला. पोरीसाठी बैल कायले, असं गल्लीत कुणी म्हटलं, तर म्हणाले, "बैलाले काय ठाऊक वो, दोरी कोण धरून राहिलं!"

त्या बैलाला पहिलं बक्षीस मिळालं. आणि मी काय केलं? दुसऱ्याच दिवशी चार स्क्रू काढून बैल ओट्यावर ठेवला आणि नुसत्या पाटीवर बसून रेस्ट हाऊसच्या उतारावरून निघाली. थेट नालीत. मोठे बाबा आले. त्यांनी एकदा बैलाकडं पाहिलं, एकदा माझ्या रक्ताळलेल्या हनुवटीकडं. दुसऱ्या कुणीही कानफटात लावली असती. हे म्हणाले, "चाकं कच्चे आहेत. कापसाच्या जिनिंगमधून जुने बेरिंग आणतो."

बेरिंगची चाकं बसली. बैलाचा कासरा, म्हणजे ती दोरी, त्यांनी पाटीच्या मागच्या भोकात ओवली. रोज संध्याकाळी मी उतारावरून सुटायची आणि तहसिलीतला बाबू पॅन्ट पोटरीपर्यंत गुंडाळून दोरी धरून मागं धावायचा. लोक हसायचे. समोरून ट्रॅक्टर आला की ते कासरा ओढायचे आणि मी चिडायची, "ओढू नका न, मोठे बाबा!" ते म्हणायचे, "तू सामने पाह्य. मागचं माह्याकडं." आधी मी बसून जायची, मग टोंगळ्यांवर, आणि वर्षभरात उभी राहिली.

एकदा पाटीचं तोंड दगडावर आदळून चिरलं. मोठ्या बाबांनी अंगणात पाटी पायाखाली दाबली आणि करवत घेतली. बाप्पा, मी काय कल्ला केला! मातीत लोळली, "नका कापू, नका कापू" म्हणून गल्ली गोळा केली. त्यांनी शांतपणे चार बोटं लाकूड कापलं, कानशीनं तोंड गोल केलं, पाय घसरू नये म्हणून वरून सायकलच्या ट्यूबचा तुकडा ठोकला. कापलेली पाटी आधीपेक्षा झकास वळायला लागली. पुढं खरा स्केटबोर्ड पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा त्याचंही तोंड तसंच गोल होतं. तो बोर्डही मला नागपूरला नेऊन त्यांनीच घेऊन दिला होता.

पुढचं लोकांना माहीत आहे. देशात पहिली आली, मग पुन्हा पहिली आली. परदेशात खेळली. बुटाच्या कंपनीनं करार केला आणि खेळणं हाच धंदा झाला. पांढुर्ण्याच्या बस स्टँडवर माझा हवेतला फोटो लागला. तरी सौंसरला लोक विचारायचेच, "तू ते चाकाचे जोडे घालतं थेच न?" मी सांगायची, जोडे नाही हो, पाटी. "तेच ते," म्हणायचे.

मग मुंबईच्या एका मोठ्या टीव्ही कार्यक्रमानं बोलावलं. आधी तिथल्या एका मुलीचा फोन आला. घरून विरोध झाला असेल न? मी म्हटलं, नाही. काही तरी असेल, आठवा न, छोट्या गावातली मुलगी! मी आठवलं. आठवायला काय, सगळंच आठवत होतं. कार्यक्रमात लाइट होते, समोर माणसंच माणसं, आणि निवेदकानं आवाज खाली आणून तेच विचारलं. मी हिंदीत सांगितलं, माझ्या मोठ्या बाबांनी माझा पहिला बोर्ड करवतीनं कापला, मी मातीत लोळून रडत होती.

आणि तिथंच थांबली.

खोटं एक अक्षर नव्हतं. पण कानस राहिली, ट्यूब राहिली, कासरा राहिला. लोकांनी हळहळून टाळ्या वाजवल्या, एक बाई डोळे पुसत होती. मला थांबवता आलं असतं. "अहो, पुढचं तर ऐका" एवढंच म्हणायचं होतं. मी म्हटलं नाही, कारण त्या टाळ्या मला गोड लागल्या. हे लिहिताना माझीच मला चीड येते.

बूट कंपनीनं त्यावर जाहिरात केली. त्यात एक मिशीवाला माणूस करवत घेऊन उभा राहतो आणि पोरगी त्याच्या डोक्यावरून उडी मारून जाते. मोठ्या बाबांना तर मिशीही नाही. पण सौंसरला कुणाला सांगायची गरज नव्हती की करवत कोणाच्या घरी आहे. त्यांचं नावच पडलं, करवतवाले बाबूजी. शनिवारी जामसावळीला मारुतीच्या दर्शनाच्या रांगेत उभे राहिले तरी मागून कुणी तरी हसायचं. शेवटी त्यांनी जाणं सोडलं.

हे सगळं मला मोठ्या आईनं, म्हणजे मोठ्या बाबांच्या बायकोनं, फोनवर सांगितलं. तिचा आवाज चढला होता. "जलमभर तुह्या मांगं धावला वो हा माणूस! एवढं बोलली, तं अजून दोन शब्द बोलाले काय दात दुखत होते का?" मी म्हटलं, त्यांना द्या न फोन. मोठे बाबा फोनवर आले आणि म्हणाले, "जाऊ दे. कापली तं होतीच न मी. आपलेच दात, आपलेच ओठ." आणि माझ्या टोंगळ्याची विचारपूस करत बसले.

मी खरी गोष्ट सांगणारा व्हिडिओ टाकला. पूर्ण गोष्ट, कानशीसकट. लोकांनी खाली लिहिलं, 'किती मोठं मन, त्यांनाही माफ केलं.' एकानं लिहिलं, 'घरच्यांनी दबाव टाकून बोलायला लावलेलं दिसतंय.' मी फोन भिंतीवर फेकला. त्यानं फोनच फुटला, दुसरं काही झालं नाही.

यंदा तान्ह्या पोळ्याला नगरपालिकेनं मला पाहुणी म्हणून बोलावलं. आधी घरी गेली. दर वर्षी या दिवसांत मोठ्या बाबांच्या ओट्यावर गल्लीभरच्या बैलांची रांग असायची. कुणाचं शिंग मोडलेलं, कुणाचं चाक निघालेलं, आणि हे मधात फेव्हिकॉल घेऊन बसलेले. आता ओटा रिकामा होता. मोठी आई म्हणाली, बाया गमतीनं म्हणायच्या, बाबूजी, बैल कापून नका टाकू हो. तेही हसायचे. एका वर्षी त्यांनी दारच लावून घेतलं.

मी सोबत माझा बोर्ड नेला होता, ज्यावर मी जिंकली तोच, समोरून चिरलेला. चिरलेला बरा सापडला, असं वाटलं होतं. त्यांच्यासमोर ठेवला आणि म्हटलं, "मोठे बाबा, कापा. सगळ्या गल्लीसमोर कापा. मी उभी राहून सांगते."

त्यांनी चिरेवरून अंगठा फिरवला. "चारच बोटं लागते," म्हणाले. "पण करवत नाही न आता."

"कुठं गेली?"

"रामाकोन्याच्या सुताराले देऊन टाकली. कानसबी. लोकं घरी येऊन करवतीसोबत फोटो काढाले लागले होते."

मला रडू आलं. मी चुकली, मोठे बाबा, असं मी पहिल्यांदा तोंडानं म्हटलं. ते उठून आत गेले, लोखंडी पेटी उघडल्याचा आवाज आला, आणि हातात गुंडाळलेली दोरी घेऊन बाहेर आले. माझ्या पाटीचा कासरा. रंग उडालेला, पण टोकाची गाठ तशीच.

"हा कसा नाही दिला?" मी विचारलं.

"याच्याबद्दल तू टीव्हीवर काही बोललीच नव्हती न," ते म्हणाले.