सरकारी भिंत आणि मामींचा खिळा

सरकारवर मनापासून प्रेम करणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. लोक सरकारला घाबरतात, शिव्या घालतात, त्याच्याकडून काही उकळता येतं का ते बघतात. मामांचं तसं नव्हतं. नवं परिपत्रक हातात पडलं की ते आधी चष्मा पुसायचे, मग मामींना हाक मारायचे आणि म्हणायचे, "ऐक गं, काय भाषा आहे!" नव्या मध्य प्रदेशाची राजधानी भोपाळला झाली, तेव्हा नागपूरच्या सचिवालयातले आम्ही कारकून फायलींच्या पेट्यांबरोबर इकडे येऊन पडलो. बाकीचे सगळे वर्षभर नागपूरच्या नावाने उसासे टाकत होते. मामा मात्र स्टेशनवर उतरल्या उतरल्या म्हणाले, "जावईबापू, नवं राज्य म्हणजे सगळे नियम नव्याने करावे लागणार. मजा आहे बुवा!"

घरातसुद्धा हा गृहस्थ कचेरीच्याच भाषेत जगायचा. वाण्याच्या यादीवर 'तातडीचे' असा शेरा असायचा. भाजीत मीठ जास्त झालं तर बोलून दाखवायचं नाही. ताटाशेजारी चिठ्ठी ठेवायची, 'मीठ अधिक. अवलोकनार्थ सादर.' मामी नागपूरच्या अस्सल महाल पेठेतल्या. त्या चिठ्ठी वाचायच्या, चुलीत टाकायच्या आणि म्हणायच्या, "अवलोकन झालं बाप्पा. आता जेवा गुमान."

पण मामांच्या सरकारभक्तीचा खरा चटका मामींना बसला तो खिळ्यांच्या बाबतीत. नव्या वस्तीत त्यांना दोन खोल्यांचं सरकारी क्वार्टर मिळालं होतं. ताबा देताना जो कागद मिळाला, त्यात 'भिंतींस खिळे ठोकू नयेत' असं एक कलम होतं. ते कलम मी पाळलं नाही, तुम्ही पाळलं नसतं, खुद्द ज्या साहेबांची त्यावर सही होती त्यांच्या बैठकीत तर हरणाचं शिंगांसकट अख्खं मुंडकं टांगलेलं होतं. मामांनी पाळलं. त्यामुळे त्या घरात सगळं काही जमिनीवर. गणपतीची तसबीर ट्रंकेवर, आरसा पाटावर, आणि त्यापुढे मांडी घालून मामा दाढी करताहेत. कॅलेंडर खिडकीच्या गजापासून दाराच्या कडीपर्यंत बांधलेल्या दोरीवर. एकदा मी नकळत त्याच दोरीवर माझा ओला कोट टाकला. दोरी तुटली, कोट आणि कॅलेंडर दोन्ही खाली, नेमके कढीच्या पातेल्यात. मामी पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. हसता हसता एकदम थांबल्या आणि म्हणाल्या, "जावईबापू, मला न् दागिना नको न् काही नको. मरायच्या आधी आपल्या स्वतःच्या भिंतीत एक खिळा ठोकायला मिळावा, बस."

मामांनी ते ऐकलं. मग ते कढीतलं कॅलेंडर काळजीपूर्वक पुसत राहिले.

त्यानंतर थोड्याच दिवसांत मामांची बदली गृहनिर्माणाच्या शाखेत झाली, आणि मग काय विचारता! कमी पगाराच्या लोकांनी सोसायटी काढावी, सरकार त्यांना स्वस्तात जमीन देईल, हलक्या व्याजाने कर्ज देईल, मुद्रांक शुल्क माफ करील आणि पहिली काही वर्षं घरपट्टीसुद्धा घेणार नाही, अशी एक योजना तिथे शिजत होती. मामांनी ती पाठच केली. लग्नाच्या पंगतीत लोक श्लोक म्हणायचे, मामा सवलती म्हणायचे. एकदा टांग्यातून जाताना त्यांनी टांगेवाल्यालाही चौकापासून जुम्मेराती बाजारापर्यंत सगळी योजना समजावून सांगितली. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "वो तो ठीक है खां, पर घोड़ा कां बंधेगा?" मामा मुळीच नाराज झाले नाहीत. घोड्याचा मुद्दा त्यांनी खरोखरच टिपून घेतला.

आम्ही काही कारकुनांनी मिळून सोसायटी काढली. रायसेन रस्त्याला, आता जिथे आनंद नगर आहे त्या बाजूला जागा ठरली. अर्ज गेले. मामी रोज मनातल्या मनात घर मांडायच्या. झारा कुठे, परात कुठे, तसबीर कुठे. इकडे नियमांचा मसुदा करायचं काम मामांकडेच होतं. 'अर्जदाराचा पगार ठरलेल्या मर्यादेच्या आत असावा' असं साहेबांनी लिहून दिलं होतं. मामांना ते सैल वाटलं. पगार आत असावा म्हणजे कधी? त्यांनी पुढे स्वतःच्या हाताने घातलं, 'अर्ज केल्या दिवशी नव्हे, तर कर्ज मंजूर होईल त्या दिवशी.' साहेब खूश झाले. मामा आम्हाला सांगत सुटले, "माझ्या मसुद्यातून मुंगी जाणार नाही!"

मुंगी गेली नाही, हे खरं. पण मामाच अडकले! कर्ज मंजूर व्हायला महिना उरला असताना त्यांना बढती आली. अधीक्षक! जिच्यासाठी उभा जन्म घासला ती खुर्ची. आणि तिचा पगार मर्यादेच्या जरासा, अगदी जरासाच, वर. खुर्ची घेतली की घर गेलं. कचेरीत सल्ल्यांचा पाऊस पडला. कोणी म्हणालं, महिनाभर आजारी पडा. कोणी म्हणालं, कळवूच नका, कोण बघतंय? मामा एवढंच म्हणाले, "मुंगीला बंदी आणि मला मोकळी वाट?"

त्या रविवारी सकाळी मी त्यांच्याकडेच होतो. मामी तांदूळ निवडत होत्या. मामा समोर उभे राहिले आणि साहेबापुढे टिपण वाचावं तसं म्हणाले, "पर्याय दोन. पहिला, मोठी खुर्ची. दुसरा, घर. दोन्ही एकदम मिळणे नियमात बसत नाही. अभिप्राय कळवावा."

"मोठी खुर्ची ठेवू कुठे मी?" मामी सुपातले तांदूळ पाखडत म्हणाल्या. "मला भिंत पाहिजे." मग हात थांबला. त्यांनी वर पाहिलं. "पण तुम्हाला ती खुर्ची पाहिजे होती ना हो?"

मामा म्हणाले, "खुर्चीचं काय, नुसतं बसायचंच तर असतं." आणि उगाचच चष्मा पुसू लागले. मला तिथे बसवेना, इतकं वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी अर्ज दिला, 'मला बढती देण्यात येऊ नये.' सचिवालयात असा अर्ज कोणी पाहिला नव्हता. साहेबांनी आधी तब्येतीची चौकशी केली. खुर्ची हाताखालच्या एका पोराला मिळाली. फायलीला नाडी कशी बांधायची ते मामांनीच त्याला शिकवलेलं. तो आत आला की मामा उठून उभे राहायचे. तो बिचारा लाजून चूर व्हायचा; मामा म्हणायचे, "बसा साहेब, मी नियमाला उभा राहतो." बढती काही पुन्हा आली नाही.

घर मात्र झालं. मामा रोज नियमांची प्रत घेऊन बांधकामावर हजर. शेवटी मिस्त्री वैतागला, "अमां बाबू साब, ईंट कायदे से नईं, गारे से चिपकती है!"

वास्तुशांतीच्या दिवशी जेवणं आटोपली आणि मामींनी हातोडी काढली. मी तोंडाशी नेलेला विडा खाली ठेवला. कारण माझ्या घरासाठी तसल्याच गहाणखतावर मीही सही केली होती आणि त्यातलं एक कलम मला आठवत होतं: कर्ज फिटेपर्यंत घर सरकारकडे गहाण, आणि लेखी परवानगीशिवाय भिंतींस धक्का लावू नये. म्हणजे भिंत अजून सरकारचीच! मला आठवतं ते मामांना आठवणार नाही, हे शक्यच नव्हतं. मी त्यांच्याकडे बघितलं. ते उठले, टोपी घातली आणि म्हणाले, "मी जरा कुंपण बघून येतो."

बाहेर जाऊन ते घराकडे पाठ करून उभे राहिले. आतून ठक ठक सुरू झालं. मिस्त्री म्हणाला, "बाबू साब, अंदर तो कील ठुक रई है!"

"हमको तो कुछ सुनाई नहीं देता," मामा म्हणाले. मामींनी त्या दिवशी एक नाही, नऊ खिळे ठोकले. नववा होईपर्यंत मामा कुंपण बघत होते, आणि कुंपण तर अजून घातलंच नव्हतं.

आता मामा नाहीत. कर्ज त्यांच्या हयातीतच फिटलं. परवा मामींनी मला त्यांची ट्रंक आवरायला बोलावलं. फायलींच्या तळाशी एक अर्ज निघाला, वास्तुशांतीच्या आदल्या दिवसाचा, सुवाच्य अक्षरात, दोन प्रतींसह. विषय, 'स्वयंपाकघराच्या भिंतीत एक खिळा ठोकण्यास परवानगी मिळणेबाबत.' आणि समासात लाल पेन्सिलीने मामांचाच शेरा: 'नकार आल्यास हिला काय सांगावे? सबब पाठवू नये. दप्तरी दाखल.'

मी मोठ्याने वाचून दाखवलं. मामी आधी खूप हसल्या. मग डोळे पुसत म्हणाल्या, "वेडा होता बाप्पा माझा माणूस." त्यांनी माझ्या हातातून अर्ज घेतला, स्वयंपाकघरात गेल्या आणि पहिल्या खिळ्यावरचा झारा काढून तिथे तो अडकवला.