बेंगळुरूतले बर्फतज्ज्ञ

बेंगळुरूत डिसेंबर आला की शंकरअण्णा माकडटोपी घालून पार्किंगमध्ये उतरायचे आणि गाडीच्या चारही टायरांतली हवा तपासायचे. आम्ही तोवर कपाटातून स्वेटरही काढलेला नसायचा. "थंडीनं हवा आकसते रे. टायर बसतो. तू तुझी बघितलीस?" मी कधीच बघितलेली नसायची.

शहरातल्या मारतहळ्ळी भागात आमचे फ्लॅट शेजारीशेजारी. अण्णांचं मराठी घराणं कित्येक पिढ्यांपूर्वी इकडे येऊन स्थिरावलेलं. 'थोडं'साठी 'स्वल्प' आणि 'बरं'साठी 'सरी' हे आपलं बोलणं कानडी आहे, मराठी नाही, हे त्यांना सांगूनही पटत नसे. निवृत्तीनंतर त्यांनी चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळणारी गाडी घेतली. तिला पराक्रम गाजवायला होती फक्त जवळच्या बेळ्ळंदूरची वाहतूक कोंडी, आणि तिथे सगळ्याच गाड्यांची सगळी चाकं उभी. अण्णा मात्र त्या कोंडीतही मला बर्फाबद्दल सांगत. कडाक्याच्या थंडीत बॅटरी मरगळते, तेल घट्ट होतं, टायरचं रबर कडक होऊन पकड सोडतं. मग बोट वर करून म्हणायचे, "चारी चाकं गाडी ओढतात. थांबवताना मात्र सगळ्या गाड्या सारख्याच. लोक इथंच फसतात बघ."

"ह्यांनी बर्फ पाहिलाय तो फ्रीजमध्ये," घरी हाच विषय निघाला की सुमाअक्का स्वयंपाकघरातून सांगत. अक्का म्हणजे अण्णांच्या पत्नी.

शेवटी हट्ट अक्कांनीच धरला. "एवढी वर्षं ऐकवलंत, आता दाखवा!" त्या जानेवारीत दोघं गाडीनं हिमाचलला निघाले. मी चंदीगडपर्यंत विमानानं जाऊन त्यांना गाठलं. डोंगरातल्या पहिल्याच सकाळी बॅटरीनं कुरकुर केली, तेव्हा अण्णांचा चेहरा वर्गात पहिला आलेल्या मुलासारखा खुलला. "सांगितलेलं ना?"

घाटात वर रस्ता काचेसारखा चकाकायला लागला. अण्णांनी गाडी कडेला घेतली. "सरी. इथून पुढं नाही. आपले टायर बर्फाचे नाहीत."

"मग चार चाकांचा एवढा थाट कशाला?" अक्का म्हणाल्या.

"चढायला. उतरवणार कोण?"

बर्फाचं मैदान पुढच्याच वळणापलीकडे होतं. अक्का दार उघडून चालू लागल्या. त्यांना थांबवायला अण्णा घाईनं उतरले आणि तिथेच घसरून आडवे झाले. उजवं मनगट मोडलं. तेवढ्यात बर्फ पडायला लागला आणि ज्या कोरड्या रस्त्यानं आम्ही आलो होतो, तोही बघता बघता पांढरा झाला.

अक्कांना गाडी येत नव्हती. स्टिअरिंगवर मी बसलो. शेजारी अण्णा, मोडका हात अक्कांच्या शालीत.

"पहिला गिअर टाक. आता ब्रेकवरून पाय काढ."

"अण्णा, उतार आहे!"

"म्हणूनच. गाडीला इंजिन धरून ठेवेल. स्वल्प स्वल्प सोड."

तेवढ्यात मागून आमच्यासारखीच एक गाडी हॉर्न वाजवत पुढे गेली. खालच्या वळणावर तिचे ब्रेक दिवे लागले, ती गर्रकन फिरली आणि डोंगराच्या बाजूला जाऊन टेकली. दुसऱ्या बाजूला दरी होती. ते पाहून माझा पाय आपोआप ब्रेकवर गेला. आमच्या गाडीची मागची बाजूही सरकली.

"पाय काढ!" अण्णा ओरडले.

काढला. गाडी सरळ झाली. त्या गाडीतली माणसं धडधाकट होती. बाहेर उभी राहून आपल्या टायरांकडे बघत होती. खालच्या पोलीस चौकीत त्यांच्यासाठी मदत पाठवायला सांगितलं, तेव्हा कुठे अण्णा बोलले, "तू इतक्या सावकाश चालवलीस, ते बेळ्ळंदूरनं शिकवलं हं." मग हळूच म्हणाले, "घाबरलो होतो रे. सगळं पाठ होतं, तरीसुद्धा."

दवाखान्यात डॉक्टरांनी कसं झालं विचारलं. अक्का म्हणाल्या, "गाडीच्या चारी चाकांना पकड होती. ह्यांच्या दोन पायांनाच नव्हती."

गेल्या वर्षी गाडी विकून दोघं मुलीकडे, पार बर्फाच्या देशात राहायला गेले. मला वाटलं, अण्णांना आता रान मोकळं. परवा फोन केला.

"काय अण्णा, शिकवताय का तिथल्या लोकांना?"



"कुणाला शिकवू? इथं थंडी आली की शाळामास्तरणीपासून दूधवाल्यापर्यंत सगळे आपापले टायर काढून बर्फाचे लावतात. आजारी पडल्यासारखं वाटतंय बघ. तू सांग, तू तरी हवा बघितलीस का?"

"नाही, अण्णा."

"अरे, काय माणूस आहेस!" अण्णा म्हणाले, आणि मग बराच वेळ, अगदी आनंदानं, बोलत राहिले.