सैल व्हायला लागणारी ताकद

मंगळवारी सकाळी माझा नवरा शिवलिंग आमच्या कारंज्याच्या क्लिनिकमध्ये पडला. दुपारी डॉक्टरांनी तो गेल्याचं सांगितलं.

आम्ही दोघंही फिजिओथेरपिस्ट. तो पेशंटला एक्सरसाइज देत होता, मी पडद्यापलीकडे होते. मी लगेच सीपीआर सुरू केला. म्हणजे छातीवर दाब देऊन थांबलेल्या हृदयाचं काम आपल्या हातांनी चालवून पाहायचं. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत मी ते करत राहिले. हृदय सुरू झालं नाही.

हृदयाचा स्नायू आणि हातापायांचा स्नायू, दोन्ही आतून एकाच रीतीने चालतात. प्रत्येक तंतूत दोन तऱ्हेचे धागे शेजारीशेजारी असतात. जाड धागा मायोसिनचा, बारीक धागा ॲक्टिनचा. जाड धाग्याला बाहेर आलेली पुष्कळ डोकी असतात. कॅल्शियम आलं की बारीक धाग्यावरच्या झाकलेल्या जागा उघडतात. डोकी तिथे पकडतात, वाकतात, धागा आपल्याकडे ओढतात. मग सोडतात आणि पुढची जागा पकडतात. सगळा जोर यातूनच येतो, मग ते पोतं उचलणं असो की रक्त ढकलणं. फरक इतकाच की हाताला मज्जातंतूकडून हुकूम लागतो आणि हृदय आपला ठेका स्वतःच धरतं. इंधन दोघांचं एकच, एटीपी नावाचा रेणू. लोकांना वाटतं इंधन फक्त ओढायला लागतं. पण एटीपीचा नवा रेणू येऊन बसल्याशिवाय डोकं धागा सोडतच नाही. कॉलेजात हा धडा आम्ही दोघांनी मिळून पाठ केला होता.

संध्याकाळी त्याला इंझोरीला, सासरे आबांच्या घरी नेलं. मुलगी गौरी पुण्याहून निघाली होती. ती येईपर्यंत ठेवायचं म्हणून मोठे दीर बाबूभाऊजींनी भाड्याची शीतपेटी आणली. शिवलिंगला त्यात निजवलं. आमच्या लिंगायत घरात माणसाला निजवून पुरत नाहीत. मांडी घालून बसवतात, डोलीत बसवून नेतात आणि समाधीतही बसवतात. पूर्वी माणूस गेला की अंग मऊ आहे तोवरच भिंतीला टेकवून बसवत आणि कापडाने बांधत. पेटी मात्र निजलेल्या माणसाच्या मापाची असते. त्या गडबडीत हे कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

सकाळी गौरी आली. पेटी उघडली, त्याला आंघोळ घातली. भाऊजी त्याला बसवायला गेले तर अंग फळीसारखं झालेलं.

बाबूभाऊजींनी आणखी दोघांना बोलावलं. एकाने खांदे धरले, भाऊजींनी गुडघ्यावर जोर दिला. काहीतरी करकरलं.

"थांबा!" मी म्हटलं. "असं केलं तर हाड मोडेल."

"मोडलं तं त्याले थोडीच दुखते आता?" भाऊजी घामाघूम झाले होते.

"मले दुखते," आबा कोपऱ्यातून म्हणाले.

भाऊजींनी हात काढले. आबा काठी टेकत जवळ आले. मुलाच्या ताठ पायांकडे पाहत राहिले.

"बसत काहून नाही थो? माह्यावर रागातच गेला का?"

त्यांचं मागच्या रविवारी वाजलं होतं. आबांनी बीपीची गोळी परस्पर बंद केली, म्हणून शिवलिंग फोनवर ओरडला होता. आबांनी फोन ठेवून दिला होता. त्यानंतर दोघं बोलले नव्हते.

मी त्यांच्याजवळ जाऊन बसले.

"आबा, हा राग नाही. आपले स्नायू आत एकमेकांना धरतात आणि सोडतात. सोडायला ताकद लागते. श्वास थांबला की ती तयार होत नाही. उरलेली संपली की जिथं धरलं तिथंच राहतं."

"म्हंजे त्यानं धरून नाही ठेवलं?"

"नाही. त्याला सोडता येत नाही."

आबांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. "मंग आता कोन सोडवते?"

"मी."

"आंघोळ झाल्यावर बायकोनं हात लावाचा नसते," भाऊजी म्हणाले.

विधीला आलेले जंगमस्वामी दाराशी उभे होते. "कोनं सांगतलं? तुमी आतालोग काय करून राह्यले होते, ते बरं होतं का? करू द्या तिले."

मी गरम पाणी मागितलं. फडकी भिजवून गुडघ्यांवर, कमरेवर ठेवली. थंडीने ही पकड लांबते, उन्हाळ्यात बाहेर ठेवलं असतं तर लवकर सुटली असती. आता ती हातानेच सोडवायची होती. मान आधी, मग खांदे, कोपर. एक हात सांध्यावर, दुसरा त्याखाली. जरा वाकवायचं, थांबायचं, चोळायचं, पुन्हा जरा वाकवायचं. आखडलेल्या खांद्यासाठी आम्ही रोज हेच करायचो. पेशंटला मात्र मध्येच विचारता येतं, कुठे लागतंय का. मी दोनदा सवयीने विचारलं. गौरीने माझ्याकडे पाहिलं आणि फडकं बदललं.

मांड्यांचे स्नायू मोठे, तिथे फार वेळ गेला. पण अशी सोडवलेली पकड पुन्हा बसत नाही, कारण नव्याने धरायलाही आत काही उरलेलं नसतं. उजवा पाय वळला. मग डावा. भाऊजींनी पाठीमागे बसून त्याला छातीशी टेकवून घेतलं आणि तिथेच त्यांना रडू फुटलं.

शेवटी डावा हात राहिला. त्यात त्याचं गळ्यातलं इष्टलिंग ठेवायचं होतं आणि बोटं मिटलेली होती. मी आबांना पुढे बोलावलं. त्यांचा अंगठा मुलाच्या तळव्यावर ठेवला आणि वरून माझा हात धरला.

"हळू. ओढू नका. फक्त चोळा."

"असं?"

"असंच."

एकेक बोट उघडलं. स्वामींनी लिंग ठेवलं. आबा म्हणाले, "बसला माहा पोरगा." दुपारी डोली निघाली.

या कामातून मी एवढंच शिकले की स्नायू ताठ दिसला म्हणून तो जोर करतोय असं समजू नये. हे पुस्तकात आधीपासून होतं.

क्लिनिक आता मी फक्त सकाळी उघडते. ज्यांना उचलून उभं करायला दोन माणसं लागतात, असे पेशंट मी घेत नाही. गौरी पुण्यात आहे. मी कारंज्यात आहे.