हमालावरचं ओझं

प्रयोगशाळेत तिला सगळे अंडीबाई म्हणत. ती चिडायची नाही, कामच तसं होतं. उबवणीच्या पेटीतून कोंबडीचं अंडं काढायचं, कवचाला नखाएवढी खिडकी पाडायची, मॅडम सांगतील तो थेंब आत सोडायचा आणि चिकटपट्टी लावून अंडं परत ठेवायचं. काही दिवसांनी तीच खिडकी उघडून आतला जीव भिंगाखाली बघायचा. मॅडम म्हणायच्या, "अंडीबाई रजेवर गेल्या की माझं संशोधनही रजेवर जातं."

प्रयोग 'अ' जीवनसत्त्वाचा होता. रक्तातून ते वाहून नेणारं एक प्रथिन असतं, मॅडम त्याला हमाल म्हणत. हा हमाल बंद पाडला की पिल्लाचे डोळे धड होत नसत. डोळ्याच्या जागी नुसती कातडी असलेलं पिल्लू पाहिलं, त्या दिवशी अंडीबाईचा डबा तसाच घरी गेला.

आणि नेमके तेव्हाच तिला दिवस गेले. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर! झालं, डोक्यात एकच किडा वळवळू लागला. माझ्या बाळाला कमी पडलं तर? अहो, कुणाला विचारलं असतं तर काय जीभ झडली असती? पण नाही. बाईसाहेबांनी दुकानातून 'अ' जीवनसत्त्वाच्या कडक गोळ्या आणल्या आणि सकाळ-संध्याकाळ घ्यायला लागल्या. "ताकदीच्या आहेत," असं नवऱ्याला सांगितलं. तो भोळा सांब, रोज पाण्याचा पेला हातात आणून द्यायचा.

मग मॅडमनी नवा ट्रे उघडायला सांगितला. पहिल्याच खिडकीतून दिसलं ते पिल्लू भयंकर होतं. जबडा तोकडा, कानाची जागा सपाट.

"यांना फारच कमी पडलं का हो?" तिने विचारलं.

"छे, यांना जास्त दिलंय. हमाल झेपेल तेवढंच उचलतो. उरलेलं नको तिथे जातं आणि घडणारा जीव बिघडवतं. म्हणून तर गरोदर बाईने असल्या गोळ्या मनाने घ्यायच्या नसतात."

स्टूल धरून ती खाली बसली आणि सगळं सांगून टाकलं. मॅडम रागावल्या नाहीत, त्यामुळे ती जास्तच घाबरली. त्या तिला तशाच डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेल्या.

गोळ्या बंद झाल्या. पुढे सोनोग्राफीत हृदय ठीक दिसलं, ओठ ठीक, पाठीचा कणा ठीक. "ऐकू येईल ना?" तिने विचारलं. "ते जन्मल्यावरच कळेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

नवऱ्याला खरं सांगितलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, "पाणी तर मीच देत होतो." त्यानंतर दोघांनाही धड झोप लागली नाही.

मुलगी झाली. कान दोन्ही जागच्या जागी, छान वळणाचे. पण दिसायला कान असले म्हणजे ऐकू येतं असं थोडंच आहे? तपासणी उद्या होती. उद्यापर्यंत कुणाला धीर! खोलीत कोणी नाही असं बघून तिने जेवणाचं स्टीलचं ताट उचललं, डोळे घट्ट मिटले आणि ते फरशीवर सोडून दिलं.

मुलगी दचकली आणि तिने टाहो फोडला. सासूबाई धावत आत आल्या.

"अगं, वेड लागलं का तुला? केवढं घाबरलं लेकरू!"

"हो ना आई," ती म्हणाली आणि लेकीपेक्षा मोठ्याने रडायला लागली. "घाबरलं! ऐकून घाबरलं!"