अक्कांचं टूल आणि माझा तक्ता

सरांनी दिलेलं काम ऐकायला सोपं होतं. तीन टूल्स घे, तिन्ही वापरून बघ, तक्ता कर आणि शुक्रवारी दे. तिन्ही ओपन सोर्स, म्हणजे फुकट. आणि हेब्बाळच्या आमच्या छोट्या ऑफिसात फुकटाला फार मान. वरुणा गावाकडच्या भातशेतांतल्या चाचण्यांची आकडेमोड करणारी आमची फंक्शन्स, म्हणजे प्रोग्रामचे छोटे तुकडे, आहेत. ती एका पॅकेजमध्ये बांधायची आणि कुठलं फंक्शन कसं वापरायचं याची पानं तयार करायची, एवढंच या टूल्सचं काम.

पण तिसरं टूल अक्कांचं होतं. अक्का म्हणजे माझ्या शेजारच्या टेबलावरच्या सीनियर. लष्कर मोहल्ल्यातल्या शिंप्याच्या घरातल्या, आमच्या घरच्यांसारख्याच अर्धी मराठी अर्धी कन्नड बोलणाऱ्या. मला हे सगळं शिकवलं त्यांनीच, तेही एकदासुद्धा न वैतागता, आणि मी काही सरळ विद्यार्थिनी नव्हते. ते टूल त्यांनी फार पूर्वी लिहून जगाला खुलं केलं होतं. जगानं ढुंकूनही बघितलं नाही, वापरलं ते आम्हीच. त्यांचं कंत्राट मार्चमध्ये संपत होतं. टूल गेलं तर अक्कांना ठेवतील कशाला?

निकाल पहिल्याच सकाळी लागला होता. पहिल्या टूलमध्ये फंक्शनच्या डोक्यावर चार ओळी लिहायच्या, की पान आपोआप तयार. दुसरं एकाच लांबलचक फाइलमधून फंक्शन्स आणि पानं दोन्ही काढतं. हुशार आहे, पण डोकं खातं. अक्कांच्या टूलमध्ये पानं वेगळी, हातानं लिहायची. शिवाय त्याला एक फोल्डर लागतो, तो फक्त अक्कांच्या कॉम्प्युटरवर. माझ्या लॅपटॉपवर ते दर वेळी तोंडावर आपटलं.

मग माझं चित्त थाऱ्यावर राहीना. कंपनीच्या बसमध्ये बसले की तक्ता, जेवायला बसले की तक्ता. आई म्हणाली, पायाला भिंगरी लागलीये का तुझ्या, एका जागी बस की. मी रकाने वाढवत सुटले. इंटरनेटशिवाय चालतं का? तिन्ही चालतात. जुन्या फाइली वाचतं का? तिन्ही वाचतात. शेवटी एक रकाना घातला: अडलं तर मदत किती लवकर मिळते. त्यात अक्कांच्या टूलला पैकीच्या पैकी गुण दिले, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

गुरुवारी अक्कांनी तक्ता बघायला मागितला. नाही कसं म्हणणार? कॉफीचा पेला हातात धरून त्यांनी सगळा वाचला आणि त्याच रकान्यावर बोट ठेवलं.

"हा रकाना टूलचा नाही, माझा आहे," त्या म्हणाल्या. "काढ तो."

मी भडकलेच. म्हटलं, हा काढला तर तुमच्या टूलच्या वाट्याला काय उरतं? मार्च तोंडावर आलाय, तुम्हाला काही पडलंय की नाही? आजूबाजूचे वळून बघायला लागले. रडू फुटेल अशी भीती वाटली, म्हणून मी आणखी आवाज चढवला.

अक्कांनी मला आधी कन्नडमध्ये गप्प बसवलं, मग हळू मराठीत सांगितलं. कंत्राट वाढणार नाही, हे सरांनी त्यांना दिवाळीनंतरच सांगितलं होतं. तक्त्याचा त्याच्याशी काडीचा संबंध नव्हता. उलट, नवं टूल शोधा असं सरांच्या मागे लागल्या होत्या त्याच. त्या गेल्यावर पॅकेज माझ्या लॅपटॉपवर बांधावं लागणार होतं.

मला इतका राग आला, की त्यांचा, सरांचा की माझा, तेच कळेना. मला आधी का नाही सांगितलं, मी विचारलं.

"सांगितलं असतं तर तू अजून चार रकाने घातले असतेस."

रकाना मी काढला. अक्कांनी खुर्ची माझ्या टेबलाशी ओढली, पहिलं फंक्शन उघडायला लावलं आणि त्याच्या डोक्यावर काय लिहायचं ते सांगायला लागल्या. मला स्क्रीन नीट दिसत नव्हता. दोनदा चुकीचं टाइप झालं, आणि दोन्ही वेळा त्यांनी न वैतागता परत सांगितलं.