मेतोदीचे उपाशी मासे

रोडोपीच्या डोंगरात मेतोदीचं घरचं तळं होतं, ट्राउट माशांचं. बायको गेल्यापासून त्याच्या पावलांचा आवाज ऐकून धावत येणारे ते मासेच काय ते उरले होते.

बुधवारी तो दाणे टाकायला आला, तशी शेजारीण स्तामेना कुंपणावरून ओरडली, "अहो, दोन वर्षं झाली पिल्लं सोडून, अन् मासे अजून वीतभरच? दाणे तुम्हीच खाता की काय?"

"पाणी गार आहे," तो गुरगुरला.

खरं कारण पाण्यात नव्हतं. मासा कापायच्या आधी तीन दिवस त्याला उपाशी ठेवतात, म्हणजे मांसाला वास येत नाही. मुलगा ल्युबेन सोफिया शहरातून फोनवर "शनिवारी येतो" म्हणायचा, की मेतोदी दाण्यांचा डबा बंद करायचा. शनिवार उजाडला की फोन यायचा, "बाबा, या खेपेला जमत नाहीये." सोफिया काही चंद्रावर नाही, पण महिन्यातून तीनदा हेच.

तेवढ्यात खिशातला फोन वाजला. "बाबा, या शनिवारी नक्की!"

"ये रे," मेतोदी म्हणाला.

काठाशी मासे तोंडं उघडून गोळा झाले होते. त्याने भरलेली मूठ परत डब्यात रिकामी केली आणि झाकण घट्ट लावलं.